शिल्लकराव आणि पिवळ्या शाईतलं पद

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकलेल्यांनी भिंत सोडावी, ती तुमच्यावाचून पडणार नाही. आज तुम्हाला एका प्रिंटरची गोष्ट सांगतो. प्रिंटर म्हटल्याबरोबर नाक मुरडू नका. जो खांबातून प्रकट होतो, त्याला प्लास्टिकच्या खोक्याचं काय वावडं? गोष्ट शाईपासून सुरू होईल आणि कुठे पोचेल ते पोचल्यावर बघू. गंमत मात्र नक्की आहे, हा माझा शब्द!

तर एक होते शिल्लकराव. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते फक्त पगाराच्या पाकिटावर शिल्लक राहिलं होतं. चौतीस वर्षं त्यांनी एका कारखान्याचं भांडार सांभाळलं. खिळे, झाडू, हातमोजे, पेन्सिली, सगळं त्यांच्या कुलपात. त्यांचा नियम एकच, 'आहे ते संपल्याशिवाय नवं नाही.' एकदा खुद्द मोठ्या साहेबांनी नवी पेन्सिल मागवली, तर शिल्लकरावांनी जुनीचं थोटूक दाखवायला सांगितलं. थोटूक चांगलं बोटाच्या पेराएवढं होतं. शिल्लकरावांनी त्याला टोक करून ते साहेबांना परत पाठवलं. असा माणूस! निवृत्त झाला तेव्हा सगळ्या कारखान्याने निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी नव्या पेन्सिली घेतल्या.

आता या शिल्लकरावांना एक आत्या होती. ब्याऐंशी वर्षांची, काठीसारखी ताठ आणि तेवढीच लागणारी. पन्नास वर्षं दर रविवारी दुपारी सभागृहात उभं राहून ती देवाच्या गोष्टी गाऊन सांगत असे. पदं तिची स्वतःची, चाली तिच्या स्वतःच्या, आणि दरडावणंही तिचं स्वतःचं. दाराशी एक टोपली असे. आत यायचं तर फोन टोपलीत टाकून यायचं. "देवाशी बोलताना दुसऱ्याचा फोन घ्यायचा नाही," असं ती म्हणायची, आणि टोपलीवर राखण करायला सभागृहाचा रखवालदार बसायचा.

पण आत्याचे डोळे आता दगा देऊ लागले होते. एका सकाळी ती पदांची वही घेऊन शिल्लकरावांच्या घरी आली.

"बाळ, येत्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी मी थांबणार. आता पुरे. त्या दिवशी माझी सगळी पदं छापून सगळ्यांच्या हातात द्यायची. चाळीस माणसं येतील."

"चाळीस काय, चारशे देतो! घरात प्रिंटर आहे आत्या."

"आणि हे बघ." आत्याने वहीचं शेवटचं पान उघडलं. "हे पद मी कधीच गायलं नाही. शेवटच्या दिवशी म्हणायचं म्हणून ठेवलं होतं. कधी लिहिलं, काय लिहिलं, मला स्वतःलाही आठवत नाही, आणि हे माझंच अक्षर मला आता लागत नाही. तेवढं एक पद मला नीट वाचता आलं पाहिजे बघ. मग मी टाळ खाली ठेवायला मोकळी."

शिल्लकरावांनी वही दोन्ही हातांनी घेतली. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. नऊ वर्षांचे असताना ते आत्याने बसवलेल्या मुलांच्या गटात गायला उभे राहिले होते, आणि दोन ओळी होताच आत्या त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली होती, "बाळ, तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून एक्कावन्न वर्षं ते नुसते ओठच हलवत आले होते. आता गाता येत नसलं तरी छापता येत होतं! हे काम झालंच पाहिजे होतं, आणि झोकात झालं पाहिजे होतं.

आधी ते कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याकडे नुसता भाव विचारायला गेले. भाव ऐकून त्यांनी खुर्ची मागितली.

"घरी प्रिंटर आहे माझ्याकडे," ते उठताना म्हणाले.

"काका, घरच्या प्रिंटरवर चाळीस पुस्तकं?" छपाईवाला गालात हसला. "चमच्याने विहीर उपसायला निघालात."

झालं! चमचा म्हणाला! माझ्या प्रिंटरला! शिल्लकराव तरातरा घरी आले, पण वाटेत शाईच्या दुकानात डोकावले मात्र, आणि तिथे त्यांना कळलं की नव्या काळ्या कार्ट्रिजची किंमत जवळजवळ अख्ख्या प्रिंटरएवढी आहे. म्हणजे बैल फुकट आणि वेसण सोन्याची! "हा प्रिंटर शाई कमी आणि मालकाचं रक्त जास्त छापतो," ते बायकोला म्हणाले. "पण मीही भांडारातला माणूस आहे. थेंब थेंब वाचवून दाखवतो."

बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अहो, आत्यांचं काम आहे. एक काळं कार्ट्रिज आणा आणि मोकळे व्हा."

"आहे ते संपल्याशिवाय नवं नाही!"

"माहितीये. लग्नातला तुमचा कोट मी अजून धुतेय."

पहिला उपाय म्हणजे अक्षर बारीक करणं. शिल्लकरावांनी आठ दिवस बसून दोन बोटांनी सगळी पदं टाईप केली, अक्षरं इतकी बारीक आणि फिकी केली की शाईला पत्ता लागू नये, आणि नमुन्याचं एक पान आत्याला नेऊन दाखवलं. आत्याने ते डोळ्यांपाशी धरलं, लांब धरलं, उलटं धरलं.

"मुंग्या छान काढल्यास," ती म्हणाली. "पदं कुठायत?"

अक्षर मोठं करावं लागलं. मोठं अक्षर म्हणजे जास्त शाई. आठ पानं झाली आणि काळा रंग राखाडी झाला, राखाडीचा धूर झाला आणि धुराचं काहीच राहिलं नाही. इथे एक सांगायला हवं. शिल्लकरावांची पद्धत भांडारातली. पुस्तकं एकेक करून नाही, तर पहिल्या पानाच्या चाळीस प्रती, मग दुसऱ्याच्या चाळीस, अशी. एका जातीचा माल एका ढिगात! म्हणजे प्रत्येक पुस्तकाची पहिली आठ पानं तयार, आणि पुढची सगळीच बाकी.

हे सगळ्या इमारतीला कळलं. असल्या बातम्या जिन्याने नाही, भिंतीतून जातात. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर एक इंजेक्शनची सुई घेऊनच वर आले.

"शिल्लकराव, कार्ट्रिज कशाला फेकता? बाटलीतली शाई आणा आणि सुईने भरा. हिरडीत औषध सोडतो तसं, हळू... हळू... पेशंटला कळतसुद्धा नाही."

"डॉक्टर, माझ्या दाढेच्या वेळी मला कळलं होतं."

"तुम्ही हललात. कार्ट्रिज हलत नाही!"

बाटली आणली गेली. डॉक्टरांनी हातमोजे घातले, मास्क लावला, टेबलावरचा दिवा ओढला आणि सवयीने कार्ट्रिजला म्हणाले, "आ करा." शाई आत गेली. थोडी जास्तच गेली, पण डॉक्टर म्हणाले, पहिल्या भेटीत थोडी सूज असतेच. शिल्लकरावांनी कार्ट्रिज बसवलं, बटण दाबलं, आणि प्रिंटरने एक लाल दिवा लावून तोंड मिटलं. दाढ दुखणाऱ्यासारखं! काय वाट्टेल ते करा, उघडेना. पडद्यावर एकच ओळ होती, 'हे कार्ट्रिज रिकामं आहे.'

"अरे, भरलंय! माझ्यासमोर भरलंय!" शिल्लकराव ओरडले.

पण प्रिंटरच्या नोंदीत ते रिकामं होतं, आणि नोंदीपुढे शाईची काय मातब्बरी! शिल्लकरावांना हे वाक्य ओळखीचं वाटलं. चौतीस वर्षं 'वहीत शिल्लक नाही म्हणजे नाही' असं हेच वाक्य त्यांनी माणसांना ऐकवलं होतं, तेही मागे कपाटात माल दिसत असताना. देवाचं न्यायालय कसं असतं बघा! तिथे तारखा पडत नाहीत, आणि शिपाई म्हणून कधी कधी प्रिंटर येतो.

मग कंपनीच्या मदत केंद्राला फोन झाला. आधी पाऊण तास संगीत. मग एका मुलीचा गोड आवाज.

"सर, मी आपली काय मदत करू शकते?"

शिल्लकरावांनी सगळं सांगितलं. फक्त डॉक्टर, सुई आणि बाटली एवढं वगळलं.

"सर, प्रिंटरचा क्रमांक सांगाल का? तो तळाशी छापलेला असतो. प्रिंटर उलटा करून बघा."

आता मंडळी, तुम्हाला कळलंय. मलाही कळलंय. बायकोलासुद्धा स्वयंपाकघरातून कळलं, आणि ती ओरडत धावली, "अहो, थां..." पण शिल्लकराव आज्ञाधारक माणूस. त्यांनी प्रिंटर उचलला आणि उलटा केला.

सुजलेल्या कार्ट्रिजने एका दमात सगळं बाहेर टाकलं. टेबलावर, चष्म्यावर, शर्टाच्या खिशात, आणि टेबलावर उघड्या पडलेल्या आत्याच्या वहीवर. शेवटच्याच पानावर.

"सर? क्रमांक मिळाला का?"

"मिळाला," शिल्लकराव म्हणाले. त्यांच्या नाकावरून एक थेंब खाली आला. "पण आता तो वाचता येत नाही."

बायकोने वही उचलून पंख्याखाली धरली, टिपकागद लावला, सगळं केलं. बाकीची पानं कडेने डागाळून वाचली, पण शेवटचं पान अमावास्या झालं होतं.

"टाईप केलंय ना मी ते!" शिल्लकराव म्हणाले. "शब्द न् शब्द केलाय! छापलं की झालं. आत्याला इतक्यात सांगू नकोस."

"मग आता तरी काळं आणा!"

आणि इथेच, मंडळी, शिल्लकरावांच्या बुद्धीने ती उडी मारली जी फक्त भांडारातला माणूसच मारू शकतो. प्रिंटरमध्ये निळी, गुलाबी आणि पिवळी अशा तीन शाया भरल्या पोटी बसून होत्या! तीन रंगांचा माल पडून असताना चौथा मागवायचा? निवृत्त झाले म्हणून काय झालं, नियम निवृत्त होत नसतो!

"पण तो तर लाल दिवा लावून बसलाय," बायको म्हणाली.

त्यावर वरच्या मजल्यावरचे लिफ्टवाले काका आले. त्यांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि जगातली प्रत्येक वस्तू ही त्यांच्या मते अडकलेली लिफ्ट होती. त्यांनी प्रिंटरकडे पाहिलं, आत कुणी आहे का ते कान लावून ऐकलं, आणि 'थांबा'चं बटण अंगठ्याने दाबून धरलं.

"काका, ते थांबवायचं बटण आहे."

"अडकलेल्याला थांबच म्हणायचं असतं. दमलेला असतो तो. मग तो आपणहून चालतो."

आणि चालला! लाल दिवा तसाच राहिला, पण प्रिंटर कण्हत कण्हत चालू लागला. हा इमारतीतला पहिला सल्ला की जो लागू पडला. लिफ्टवाल्या काकांना स्वतःलाच इतका धक्का बसला की ते चहाही न घेता वर गेले, आणि तेही जिन्याने.

शिल्लकरावांना आता स्फुरण चढलं. निळ्या अक्षरांत सहा पानं! आभाळ उतरल्यासारखी. निळी संपली तेव्हा गुलाबी पाच पानं! लग्नपत्रिकेसारखी. खट्‌-खर्र-खट्‌-खर्र, दिवसभर घर दुमदुमत होतं. शेवटी उरली पिवळी, आणि उरलं एकच पान. आत्याचं शेवटचं पद.

पान बाहेर आलं. बायकोने ते हातात घेतलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "कोरं आहे."

"कोरं कसं? खिडकीशी ये. हे बघ, दिसतंय."

"खिडकीशी दिसतंय. सभागृहात खिडकी घेऊन जाणार आहात का?"

"उजेड तिथेही असतो," शिल्लकराव म्हणाले. पण मनात पाल चुकचुकली, म्हणून त्यांनी भांडारातला दुसरा नियम काढला, 'प्रत्येक नग तपासून घेणे.' चाळीसही प्रतींचं ते पान त्यांनी खिडकीशी धरून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचलं. अर्थाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. डब्यात किती बिस्किटं आहेत हे मोजणारा माणूस बिस्कीट खात नसतो. मागे प्रिंटर चाललेला, खट्‌-खर्र-खट्‌-खर्र.

"अहो, गुणगुणताय काय?"

"गुणगुणत नाही. तपासतोय."

तो रविवार आला. सभागृह भरलं. दाराशी टोपलीत फोन पडले. चाळीस पुस्तकं चाळीस हातांत गेली, आणि दातांचे डॉक्टर शेजाऱ्याला हळूच सांगू लागले की पहिल्या आठ पानांनंतरच्या उपचारात आपलाही हात आहे. आत्या उभी राहिली. काय रंगली त्या दिवशी म्हणून सांगू! काळ्या पानांवर ती गोष्टी सांगत होती, निळ्या पानांवर लोक डोलत होते, गुलाबी पानांवर छपाईवाला डोळे पुसत होता. हो, तोही आला होता, चमचा बघायला!

मग आत्याने शेवटचं पान उलटलं.

आत्याच्या रंगण्यात बाहेर अंधार पडला होता, फोनचे पांढरे दिवे रखवालदाराच्या टोपलीत होते आणि आत्यासमोर ते आणायची कुणाची छाती नव्हती; आणि सभागृहात मंडळी, जुने पिवळे दिवे होते. चांगले पिवळेधमक. आणि पिवळ्या दिव्याखाली पिवळी शाई म्हणजे दुधात टाकलेली साखर! असते, पण दिसत नाही. चाळीस माणसांनी पान उलटलं आणि चाळीस माणसं कोऱ्या कागदाकडे बघू लागली. कुणी पान तिरकं केलं, कुणी दिव्याकडे धरलं. छपाईवाल्याने चष्मा पुसला.

"बाळ," आत्या म्हणाली, "इथे काही नाही."

"आहे, आत्या. पिवळं आहे."

"मला दिसत नाही."

"कुणालाच दिसत नाही, आत्या."

"बरं. मग माझी वही आण. कुणीतरी वाचून दाखवेल."

शिल्लकराव उठले. सगळ्यांदेखत म्हणावं लागलं, "वहीवर शाई सांडली. त्याच पानावर. माझ्या हातून. टाईप केलेलं घरच्या संगणकात आहे, पण घर पाऊण तासावर आहे. एक काळं कार्ट्रिज आणलं असतं तर... मी आणलं नाही."

आत्याने टाळ हातात धरले होते, ती ते खाली ठेवू शकत नव्हती. ज्या पदावर ठेवायचे ते पदच नव्हतं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिला पुढचं सुचत नव्हतं, आणि तिची हनुवटी किंचित हलली. ती हलताना शिल्लकरावांना दिसली.

आणि त्यांचे ओठ हलू लागले.

सवयीने आधी नुसतेच हलले. खिडकीशी उभं राहून चाळीस वेळा हलले होते तसेच. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला सगळं येतंय! अक्षर न् अक्षर येतंय! त्यांनी डोळे मिटले, आणि एक्कावन्न वर्षांनी आवाज बाहेर काढला. चाल ठाऊक नव्हती. ठाऊक होती ती एकच, प्रिंटरची. खट्‌-खर्र-खट्‌-खर्र, त्या ठेक्यावर त्यांनी धरलं:

*दिवा मंदावो, दृष्टी जावो,*
*वही राहो, न राहो;*
*कुणा एकाच्या ओठी, देवा,*
*नाव तुझे हे राहो.*

आवाज कसा होता? खोटं कशाला बोलू, गंजलेलं कुलूप उघडावं तसा होता. पण आत्याची मान एकदम वर आली. तिने दोन क्षण तो ठेका ऐकला आणि टाळ धरले. खट्‌च्या जागी टाळ, खर्रच्या जागी टाळ! चाळीस पुस्तकं मिटली गेली आणि चाळीस गळे मागून म्हणू लागले. शिल्लकराव आता थांबतायत कशाला!

*सूर तयाचा चुकला तर तू*
*कानी हात न धरी;*
*ज्याचे नुसते ओठ हलती*
*त्याचे गाणे करी.*

शेवटचा शब्द म्हणता म्हणता शिल्लकरावांनी डोळे उघडले. चाळीस नग तपासले होते त्यांनी, आणि आत काय आहे ते आत्ता कळलं होतं.

आत्या त्यांच्यापाशी आली. नऊ वर्षांच्या पोरापाशी आली होती तशीच, अगदी कानाशी.

"आठवलं बघ आता," ती म्हणाली, "कधी लिहिलं ते. तुला गप्प केलं त्याच आठवड्यात. तुला सांगायचं राहूनच गेलं रे." आणि मग, ती आत्याच होती म्हणून, पुढे म्हणाली, "पट्टी मात्र अजून चुकतेच. परत म्हण. मोठ्याने."

परत म्हटलं. तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा झाल्यावर आत्याने टाळ शिल्लकरावांच्या हातात ठेवले आणि स्वतः खाली, सगळ्यांमध्ये जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिल्लकराव दुकानात गेले आणि त्यांनी नवं काळं कार्ट्रिज मागितलं. पिवळी अजून शिल्लक होती, तरी! दुकानदाराने सहज विचारलं, "जुनं संपलं का?" शिल्लकरावांनी पैसे मोजून पुढे सरकवले आणि म्हणाले, "ते विचारू नका. द्या." बायकोने त्या दिवशी इमारतभर साखर वाटली. आत्याच्या वहीच्या काळ्या झालेल्या पानावर त्यांनी ते पद नव्याने छापून चिकटवलं, चांगलं टपोऱ्या अक्षरांत.

चला, उठा आता, पाय मोकळे करा. पण जाता जाता एवढं माझ्यासाठी करा. तुमच्या घरातल्या कुठल्या यंत्राचा लाल दिवा लागला, तर चिडायच्या आधी घडीभर त्या आत्याची आठवण काढा. आणि उद्या चारचौघांत गाणं चाललं असताना मागच्या रांगेत कुणी नुसतेच ओठ हलवताना दिसलं, तर त्याच्यापाशी जा, आणि आत्या जे सांगायचं विसरली होती, ते तेवढं त्याला सांगा.